स्पेक्ट्रोच्या स्क्रीनवरून भट्टीच्या फलकापर्यंत : प्रकल्प नोंदी

२ जून

काम कशासाठी चाललंय ते आधी लिहून ठेवतो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत भट्टीतून धातूचं सॅम्पल लॅबमध्ये येतं. लॅब सांभाळणाऱ्या अक्का ते घासतात, स्पेक्ट्रोवर, म्हणजे ठिणगी पाडून धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून स्पार्क करतात आणि स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक, मॅग्नेशियम यांचे टक्के उमटतात. इथपर्यंत सगळं यंत्रावर. पुढचं सगळं चिठ्ठीवर. अक्का आकडे कागदावर उतरवतात, पोरगा चिठ्ठी घेऊन शेडमध्ये जातो, भट्टीवरचे जाणते मामा ती वाचून कार्बन पावडर किती, फेरोसिलिकॉन किती, स्टील स्क्रॅप किती ते सांगतात. तोवर चौदाशे अंशांच्या वर गेलेला धातू नुसता धरून ठेवायचा, आणि विजेचा मीटर पळतच असतो.

वेळ जातो हे एक. दुसरी गोष्ट मला जास्त छळते. एस.जी. आयर्नमध्ये, म्हणजे आत ग्राफाइटचे गोळे असलेल्या लोखंडात, शेवटी मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के शिल्लक राहावं लागतं. घाईत ०.०२४ चं ०.०४२ लिहिलं गेलं, तर कागदावर धातू उत्तम दिसतो आणि साच्यात मात्र ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. तसा पार्ट बाहेरून बघून कुणाला कळत नाही. तो गाडीखाली जातो आणि तिथे तुटतो.

स्पेक्ट्रोच्या सॉफ्टवेअरमधून आकडे फाइलमध्ये काढायची सोय आमच्या परवान्यात नाही. ती हवी तर वेगळा मोड्यूल घ्या, सोबत नवा पीसी घ्या, असं पुरवठादाराचं उत्तर आलं. ती रक्कम यंदा तरी जमणारी नाही. मालक म्हणाले, "तुझ्या पायथॉनमध्ये काय होतंय काय बघ की."

ठरलं ते असं: स्क्रीनवरचे आकडे प्रोग्रॅमने वाचायचे आणि भट्टीजवळच्या फलकावर दाखवायचे. माउस हलवायचा नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही. फक्त बघायचं.

४ जून

स्क्रीनचं चित्र वाचण्याआधी सरळ वाटा तपासल्या. आकडा मजकूर म्हणून मिळत असेल तर चित्रातून तो ओळखत बसण्यात अर्थ नाही.

पायविनऑटो या पायथॉनच्या लायब्ररीने खिडकीतले कंट्रोल बघितले. बटणांची नावं मिळतात, पण आकड्यांचा अख्खा तक्ता ही एकच खिडकी आहे आणि तिच्या आत मजकूर नाही. सॉफ्टवेअर तो तक्ता स्वतः रंगवतं. प्रिंटची वाट आहे, पण तिथे पोचायला एकामागून एक खिडक्या उघडाव्या लागतात आणि प्रिंट निघते ती हीट, म्हणजे भट्टीतल्या धातूच्या एका खेपेची नोंद, बंद केल्यावर. भट्टीला आकडा हवा असतो तो त्याआधी. राहिला डेटाबेस. त्याला हात लावायचा नाही असं मीच ठरवलं. त्याच ठिकाणी यंत्राचं कॅलिब्रेशन साठवलेलं असतं. तिथे बाहेरच्या प्रोग्रॅमने शिरणं मला पटत नाही, आणि ऑडिटच्या वेळी मालकांनाही ते सांगता येणार नाही.

म्हणजे स्क्रीनच.

७ जून

लॅबचा पीसी विंडोज ७ चा, ३२ बिटचा, इंटरनेट नसलेला. विंडोज ७ वर चालणारी पायथॉनची शेवटची आवृत्ती ३.८. ३.९ पासून तो आधार काढून टाकला आहे. घरच्या मशीनवर ३.८ ला आणि ३२ बिटला जुळणारी पॅकेजेस उतरवून घेतली: नमपाय (आकडेमोड), ओपनसीव्ही (चित्रात शोधणं), पिलो (चित्र उघडणं, जतन करणं), एमएसएस (स्क्रीन टिपणं), पायऑटोगुई (स्क्रीनवर शोधणं, क्लिक करणं). पेन ड्राइव्हने आणून टाकली. सगळी बसली.

खानापूरहून येताना पिरनवाडीच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं. लॅबमध्ये पोचायला उशीर झाला, म्हणून आज एवढंच.

१० जून

सुरुवात पायऑटोगुईने केली, कारण स्क्रीनवर चित्र शोधायचं म्हटलं की बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. छोटं चित्र कापून ठेवायचं आणि 'लोकेट ऑन स्क्रीन' म्हणायचं, की ते कुठे आहे ते डावीकडून किती, वरून किती, रुंदी आणि उंची अशा चार आकड्यांत मिळतं. आत प्रत्यक्ष शोधण्याचं काम त्याच्यासोबत येणारं पायस्क्रीझ करतं. ओपनसीव्ही बसवलेलं नसेल तर ते पिक्सेलला पिक्सेल तंतोतंत जुळवून बघतं. 'कॉन्फिडन्स' देऊन थोडी ढील द्यायची असेल तर ओपनसीव्ही लागतंच. चित्र सापडलं नाही की जुन्या आवृत्त्यांमध्ये रिकामं उत्तर यायचं, नव्यांमध्ये एक्सेप्शन येतं. जुनं उदाहरण बघून लिहिलेला प्रोग्रॅम इथेच बंद पडतो.

१९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर एका शोधाला एक ते दोन सेकंद लागतात असं त्यांच्या माहितीपत्रातच आहे. आमची स्क्रीन लहान आहे, पण पीसीही तितकाच म्हातारा. शोधायचा भाग 'रीजन' देऊन मर्यादित केला की फरक लगेच दिसतो.

टेम्प्लेट, म्हणजे शोधायचं ते छोटं चित्र, कापताना पीएनजीच ठेवायचं, जेपीजी नको. जेपीजी अक्षरांच्या कडांना धुरकट ठिपके सोडतं आणि तंतोतंत जुळणी तिथेच संपते.

दिवसअखेर पायऑटोगुई बाजूला ठेवलं. क्लिक करायचं असेल तर ते फार सोयीचं आहे. मला क्लिक करायचं नाही, आणि 'सापडलं' किंवा 'नाही' एवढ्यावर भागतही नाही. किती जुळलं, दुसऱ्या क्रमांकावर काय होतं, हेही बघायचं आहे. म्हणून स्क्रीन टिपायला एमएसएस आणि शोधायला थेट ओपनसीव्ही. एमएसएसचं चित्र निळा, हिरवा, लाल आणि चौथा पारदर्शकतेचा अशा क्रमाने येतं. चौथा टाकून दिला की ओपनसीव्हीला चालतं.

१४ जून

आजचा दिवस ओपनसीव्हीचं 'मॅच टेम्प्लेट' नीट समजून घेण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला.

टेम्प्लेट स्क्रीनवर एकेक पिक्सेल सरकवत न्यायचं आणि प्रत्येक जागी किती जुळतं त्याचा आकडा काढायचा. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन आणि १२० बाय ४० चं टेम्प्लेट असेल तर १२४७ बाय ७२९ जागा, म्हणजे नऊ लाखांवर तुलना. सहा पद्धती आहेत. मी नॉर्मलाइज्ड सहसंबंधाची घेतली. ती आधी दोन्ही चित्रांतून त्यांची त्यांची सरासरी वजा करते आणि मग उणे एक ते एक असा स्कोअर देते. एक म्हणजे पूर्ण जुळणी.

आता खरी मेख. त्या आकड्यांतला सर्वांत मोठा नि लहान शोधणाऱ्या 'मिन मॅक्स लोक' ला सर्वांत जास्त स्कोअरची जागा विचारली की ते नेहमी जागा देतं. नेहमी. सॉफ्टवेअर बंद केलं, डेस्कटॉपवर नुसतं विंडोजचं निळं चित्र ठेवलं आणि तक्त्याचं शीर्षक कुठे आहे म्हणून विचारलं. उत्तर आलंच: अमुक जागा, स्कोअर ०.४१. त्यात चूक कसलीच नाही. सर्वांत जास्त कुठे जुळतं एवढाच प्रश्न होता, आणि सर्वांत जास्त म्हटलं की कुठली तरी जागा असतेच.

हा प्रकल्प याच एका जागी उभा राहील किंवा पडेल असं मला वाटतं. शोधणं अवघड नाही. 'नाही' म्हणता येणं अवघड आहे. 'कॉन्फिडन्स ०.८ ठेवा, चालतं' असा सल्ला सगळीकडे मिळतो. गेममध्ये चुकीच्या जागी क्लिक पडला तर पुन्हा खेळता येतं. इथे वितळलेला धातू आहे.

म्हणून आकडा अंदाजाने ठेवला नाही. सॉफ्टवेअरच्या जेवढ्या खिडक्या उघडतात तेवढ्या उघडून प्रत्येकीचं चित्र जमवलं आणि टेम्प्लेट सगळ्यांवर चालवलं. जिथे शीर्षक खरोखर आहे तिथे ०.९९ च्या खाली स्कोअर जात नाही. जिथे नाही तिथे तो ०.६ च्या वर चढत नाही. मधली जागा रिकामी आहे. सीमा ०.९७ वर ठेवली.

१६ जून

रंगाचं प्रकरण.

स्पेक्ट्रोच्या स्क्रीनवर प्रत्येक मूलद्रव्याच्या आकड्याला रंग असतो. ग्रेडच्या मर्यादेत असेल तर हिरवा, बाहेर गेला तर लाल. वेग यावा म्हणून चित्र ग्रेस्केल, म्हणजे काळंपांढरं, करा असं जवळपास प्रत्येक ठिकाणी सांगतात. केलं. लाल आकडा आणि हिरवा आकडा एकसारखे दिसायला लागले. नुसते सारखे दिसत नव्हते, मोजूनही सारखेच.

हिशेब साधा आहे. ओपनसीव्ही ग्रे करताना लाल ०.२९९ ने, हिरवा ०.५८७ ने आणि निळा ०.११४ ने गुणून बेरीज करतं. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. त्याचा ग्रे येतो ७६. जुन्या विंडोजमधला गडद हिरवा म्हणजे ०, १२८, ०. त्याचा ग्रे ७५. धातू मर्यादेत आहे आणि धातू मर्यादेबाहेर आहे, यांत २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीचा फरक.

रंगीत चित्रावर सहसंबंध काढला तरी पूर्ण निभावत नाही. ही पद्धत सरासरी वजा करून आकार बघते. त्यामुळे तोच शब्द ठळक असो की फिका, स्कोअर जवळपास तोच येतो. म्हणजे चालू बटण आणि मंद झालेलं बटण यांत तिला फारसा फरक दिसत नाही. आणि एकरंगी चौकोन टेम्प्लेट म्हणून दिला तर वजाबाकीनंतर हातात काहीच उरत नाही, त्या स्कोअरला अर्थ नसतो.

म्हणून कामं वेगळी केली. जागा शोधायला सहसंबंध. रंग बघायला त्या जागचा पिक्सेल थेट वाचायचा: लाल किती, हिरवा किती. दोन ओळींचं काम आहे आणि त्यात अंदाज काहीच नाही.

२१ जून

रात्रीपासून पाऊस. दुपारी लाईट गेली, यूपीएसने थोडा वेळ तग धरला, मग पीसी बंद. लाईट आल्यावर मॉनिटरच्या आधी पीसी चालू झाला आणि स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर आली. मला वाटलं आता सगळी टेम्प्लेट पुन्हा कापावी लागणार. प्रोग्रॅम लावला तर तक्ता बरोबर सापडला.

कारण नीट लिहून ठेवण्यासारखं आहे. रिझोल्यूशन बदललं की खिडकीची जागा बदलते, अक्षरांचे पिक्सेल बदलत नाहीत. मी जागा कुठेच लिहून ठेवलेली नाही. आधी तक्त्याच्या शीर्षकाची पट्टी शोधायची आणि बाकी सगळे रकाने तिच्यापासून किती खाली, किती उजवीकडे असे मोजायचे. पट्टी हा खुंटा. खिडकी कुठेही ओढली तरी रकाने तिच्यासोबत जातात.

स्केलिंग बदललं तर मात्र गोष्ट वेगळी. मुद्दाम १२५ टक्के करून बघितलं. प्रत्येक अक्षर ताणलं गेलं, स्कोअर कोसळला आणि प्रोग्रॅम म्हणाला, तक्ता दिसत नाही. हेच उत्तर हवं होतं. टेम्प्लेट लहानमोठं करत प्रत्येक मापाला शोधत राहायची युक्ती आहे, ती मी घेत नाही. ताणलेल्या अक्षरांत खुंटा सापडेलही, पण त्याच ताणलेल्या अक्षरांतून पुढे दशांश वाचायचे आहेत. स्केलिंग १०० टक्के ठेवलं, स्क्रीनसेव्हर बंद केला. लॉक झालेल्या स्क्रीनवर टिपायला काही नसतं, तेव्हा लॉकही बंद.

२७ जून

आता आकडे. सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला.

पहिली धाव टेसरॅक्टकडे. एचपीमध्ये १९८० च्या दशकात जन्मलेलं आणि २००५ मध्ये खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर कागदावरचा छापील मजकूर फार चांगला वाचतं, मराठी आणि कन्नडसुद्धा. स्क्रीनवरची अक्षरं त्याला लहान पडतात. आमचा एक अंक जेमतेम अकरा पिक्सेल उंच आहे. तिप्पट मोठा करून, एकच ओळ आहे असं सांगून, फक्त अंक आणि टिंब एवढीच मुभा देऊन बघितलं. अंक बरेचसे बरोबर. टिंब अधूनमधून गळतं. ३.६२ चं ३६२ झालं तर कुणालाही कळेल. पण ०.०३९ चा ठिपका गेला की उरतं ००३९, आणि ठिपका कुठे होता ते प्रोग्रॅमने ठरवायचं. अशा ठिकाणी मी त्याला काही ठरवू देणार नाही.

मग विचार केला, मला जगातली सगळी अक्षरं वाचायची नाहीतच. एका पीसीवरच्या एका सॉफ्टवेअरच्या एका फॉन्टमधले दहा अंक आणि एक टिंब, एवढंच वाचायचं आहे. प्रत्येकाचं टेम्प्लेट कापलं आणि सहसंबंधाने जुळवलं. चाललं, पण ५ आणि ६ यांचे स्कोअर फार जवळ येतात. अकरा पिक्सेलच्या उंचीत त्या दोघांत फरक असतो तो डाव्या बाजूच्या दोनतीन ठिपक्यांचा. शिवाय क्लियरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं गुळगुळीत करायची सोय, प्रत्येक अंकाच्या कडेला लालसर-निळसर झालर लावतं, आणि आकडा हिरव्याचा लाल झाला की ती झालरही बदलते.

उपाय मिळाला तो कोडमध्ये नव्हता, विंडोजच्या सेटिंगमध्ये होता. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची खूण काढून टाकली. अक्षरं खडबडीत दिसायला लागली. अक्कांनी लगेच विचारलं, "स्क्रीनला काय केलास रे?" सांगितलं आणि त्यांनी चालवून घेतलं.

आता अंक म्हणजे फक्त दोन रंग: शाई आणि पार्श्वभूमी. रकान्याच्या कोपऱ्यातला पिक्सेल ती पार्श्वभूमी, त्याहून वेगळा जो तो शाई. आकडा लाल असो, हिरवा असो, निवडलेल्या ओळीत निळ्यावर पांढरा असो, शाईचा आकार अगदी तोच. दोन अंकांच्या मध्ये रिकामा उभा स्तंभ असतो, तिथे कापायचं. निघालेला तुकडा साठवलेल्या तुकड्यांशी जुळवायचा, आणि इथे स्कोअर नाही, कॉन्फिडन्स नाही. एक पिक्सेल जरी वेगळा असला तरी 'वाचता आलं नाही'.

पायऑटोगुईची जी तंतोतंत जुळणी मला पहिल्या दिवशी आडमुठी वाटली होती, आकड्यांसाठी शेवटी तीच घेतली. जिथे ढील लागते तिथे ढील, जिथे नको तिथे अजिबात नाही.

३ जुलै

एक पहारा अजून हवा होता, आणि तो स्क्रीनवरच होता.

एका सॅम्पलवर अक्का दोनतीन जागी स्पार्क करतात. प्रत्येक स्पार्कची ओळ वेगळी आणि खाली सॉफ्टवेअरने काढलेली सरासरी. प्रोग्रॅम आता सगळ्या ओळी वाचतो, स्वतः सरासरी काढतो आणि स्क्रीनवरच्या सरासरीशी पडताळतो. जुळली तरच आकडा पुढे.

उदाहरण: मॅग्नेशियम ०.०३८, ०.०४१, ०.०३९. सरासरी ०.०३९. पहिल्या ओळीतला ८ जर ३ असा वाचला गेला, तर सरासरी येते ०.०३८. पकडलं.

याची मर्यादाही तपासली. ०.०३६, ०.०३९, ०.०३९ ची सरासरी ०.०३८. पहिल्यात ६ चा ५ झाला तरी सरासरी पूर्णांकित होऊन ०.०३८ च राहते. म्हणजे शेवटच्या घरात एकाचा फरक पडला तर हा पहारा त्याला सोडू शकतो. भट्टीच्या दृष्टीने ०.००१ ने काही बिघडत नाही, आणि तंतोतंत जुळणी असताना ६ चा ५ होणारही नाही. तरी दोन्ही पहारे ठेवले. दोघांची नजर वेगवेगळ्या जागी आहे. एक अंकाचा आकार बघतो, दुसरा आकड्यांचं आपसातलं नातं.

त्याच ओळींवरून आणखी एक गोष्ट कळते. कार्बनच्या ओळी एकमेकींपासून लांब गेल्या, तर सॅम्पल नीट चिल झालेलं नसतं. तांब्याच्या साच्यात झटकन गोठलं तर लोखंड पांढरं राहतं आणि कार्बन बरोबर लागतो. सावकाश गोठलं की ग्राफाइट सुटतं आणि कार्बनचा आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी फलकावर 'सॅम्पल पुन्हा' असं दाखवायचं.

अक्कांनी आज मला बाजूला घेऊन विचारलं, "माझं काम जातंय काय रे ह्यानं?" अक्का गोकाक बाजूच्या, घरी कन्नड, इथे आमच्याशी मराठी. मी त्यांना सांगितलं ते मनापासून होतं. चिठ्ठी लिहिणं जाईल. सॅम्पल घासणं, स्पार्क झाल्यावर डाग बघणं, डाग पांढुरका नि पसरट आला तर स्पार्कभोवती सोडलेल्या आर्गॉन वायूमध्ये किंवा सॅम्पलमध्ये खोट आहे हे ओळखून ती ओळ रद्द करणं, हे प्रोग्रॅमला येत नाही आणि मी ते त्याला शिकवायलाही निघालेलो नाही. त्यांनी रद्द केलेली ओळ तक्त्यात करडी होते. प्रोग्रॅम करडी ओळ सरासरीत धरत नाही. निर्णय अक्कांचा, प्रोग्रॅम तो फक्त पाळतो.

९ जुलै

सेकंदाला दोनदा स्क्रीन टिपतो. कधीतरी सॉफ्टवेअर तक्ता रंगवत असतानाच टिपलं जातं: वरच्या ओळी नव्या, खालच्या जुन्या. त्यावर नियम असा की लागोपाठच्या दोन चित्रांत तक्ता हुबेहूब सारखा असेल तरच वाचायचं.

माउसचा बाण टिपलेल्या चित्रात येत नाही, त्याची काळजी नाही. बाण थांबल्यावर उघडणारी पिवळी चिठ्ठी मात्र येते आणि रकाना झाकते. तेव्हा 'वाचता आलं नाही', आणि चिठ्ठी गेली की पुन्हा वाचतो.

१५ जुलै

फलक लागला. भट्टीच्या पॅनेलपासून दूर, खांबावर, काचेच्या पेटीत एक जुना टीव्ही आणि त्यामागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. लॅबच्या पीसीपासून तिथपर्यंत एकच थेट केबल, ती शिल्डेड, कारण इंडक्शन भट्टी चालू असताना साध्या केबलवर निरोप तुटत होते. पीसी बाकी कुठेही जोडलेला नाही आणि जोडायचाही नाही.

अंक स्पेक्ट्रोवर येतात तेच ठेवले. शेडमध्ये मराठी वाचणारे आहेत, कन्नड वाचणारे आहेत, उत्तरेकडून आलेली पोरं आहेत. हे अंक सगळ्यांना येतात. मूलद्रव्यांची खूण तीच, जी सगळे बोलतात. वर हीट नंबर, खाली सॅम्पल कधी वाचलं ती वेळ.

ती वेळ मामांनी सांगून घालायला लावली. लावणीची रजा संपवून येळ्ळूरहून कालच आलेत. फलकापुढे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मॅग्नेशियम थांबत न्हाई बघ. लाडलमध्ये धरून बसलास की उडून जातंय. आकडा बरोबर असंल, खरं तो कवाचा हाय ते पण दाखीव." बरोबर आहे. लाडल म्हणजे धातू ओतायचं भांडं. ट्रीटमेंट, म्हणजे धातूत मॅग्नेशियम घालणं, झाल्यावर मिनिटं जातील तसं मॅग्नेशियम उतरत जातं. दहा मिनिटांपूर्वीचा उत्तम आकडा आत्ताच्या धातूबद्दल खात्री देत नाही. आता आकड्याखाली 'वाचून झालेली मिनिटं' मोठ्या अक्षरांत पळतात आणि ठरलेली मिनिटं उलटली की आकडा फिका होतो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते असं: "आकडा मिळाला न्हाई तर न्हाई म्हणून दाखीव. मागचा आकडा तसाच ठेवू नकोस." फलकावर जुना आकडा राहून जाणं ही शक्यता माझ्या नोंदींत कुठेच नव्हती, मामांनी ती पहिल्या पाच मिनिटांत पकडली. नवं सॅम्पल सुरू झालं की फलक आता आधी कोरा होतो.

२२ जुलै

चिठ्ठी आणि फलक दोन्ही सोबत चालू आहेत. प्रत्येक वाचनाबरोबर स्क्रीनचं पूर्ण चित्र हीट नंबर आणि वेळेच्या नावाने जतन होतं. आकडे वादात सापडले तर हे चित्र उघडायचं. आमचे मोठे गिऱ्हाईक आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे ऑडिट करतात, त्यांनाही आकडा कुठून आला ते दाखवावं लागतं.

जिथे चिठ्ठी आणि फलक वेगळे निघाले, तिथे चित्र उघडून बघितलं. प्रत्येक वेळी फलक आणि चित्र एकच सांगत होते.

'वाचता आलं नाही' मात्र वरचेवर येत होतं, आणि ते बेस मेटलच्या सॅम्पललाच. कारण कळल्यावर समाधान वाटलं. ट्रीटमेंटच्या आधीच्या धातूत मॅग्नेशियम नसल्यातच जमा. तेव्हा स्पेक्ट्रो आकड्याच्या आधी 'पेक्षा कमी' ची खूण लावतो. ती खूण माझ्या तुकड्यांत नव्हती, म्हणून प्रोग्रॅम थांबला. सहसंबंधावर ठेवलं असतं तर त्याने त्या खुणेला जवळचा एखादा अंक नक्की चिकटवला असता. खूण कापून घातली. अशा आकड्याला सरासरीचा पहारा लागू नाही, तेही लिहिलं.

५ ऑगस्ट

चिठ्ठी बंद झाली.

मालकांना आता पुढचं हवंय. फलकाने 'ओता' किंवा 'थांबा' असंच सांगावं, म्हणजे कुणाला विचारायला नको. मी नको म्हटलं आणि कारणंही सांगितली. प्रोग्रॅमला स्क्रीन दिसते. लाडलमधल्या धातूचं तापमान, साच्याची जाडी, मागच्या लाडलला लागलेला वेळ, हे त्याला दिसत नाही. ते मामांना दिसतं. मालकांनी फार ताणलं नाही. त्याऐवजी कार्बन इक्विव्हॅलंटची ओळ द्यायचं ठरलं: कार्बन, अधिक सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा एकतृतीयांश. हा निव्वळ हिशेब आहे, तो आनंदाने देतो. ३.६२ कार्बन, २.५० सिलिकॉन, ०.०३ फॉस्फरस असेल तर ४.४६.

दुसऱ्या पाळीसाठी कागद करून पीसीच्या बाजूला चिकटवला. स्केलिंग १०० टक्के. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची खूण बंद. सॉफ्टवेअरची थीम बदलायची नाही. पीसी किंवा सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललं तर अंकांचे तुकडे पुन्हा कापायचे, आणि मग ज्याचे टक्के प्रमाणपत्रावर लिहिलेले आहेत ते स्टँडर्ड सॅम्पल स्पार्क करून स्क्रीन आणि फलक शेजारी ठेवून बघायचे. ते जुळेपर्यंत फलकाची केबल काढून ठेवायची आणि चिठ्ठीवर काम करायचं. अक्कांनी खाली तेच कन्नडमध्ये लिहून दिलं.